मिरचीचं पाणी पाजू नका

परवा आमच्या भावकीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला. हार्ट अटॅक आला की गरम पाण्यात तिखट कालवून पाजा, माणूस मिनिटात उठून बसतो. मी संकेश्वरजवळच्या मिरचीवाल्याच्याच घरातला, म्हणून हे लिहितोय.

दोन वर्षांमागं अण्णांचं हृदय बंद पडलं. नशीब, तेव्हा ते बेळगावच्या दवाखान्यातच होते. डॉक्टरांनी छाती दाबून हृदय सुरू केलं, पण शुद्ध आली नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त थांबतं तेवढ्या वेळात मेंदूला मार बसतोच, पण रक्त परत सुरू झाल्यावरही दोन-तीन दिवस पेशी मरत राहतात. त्यात ताप चढला तर आणखी नुकसान. म्हणून 37.7 सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही. अंगाला थंड पाणी फिरणारे पॅड लावले.

दुसऱ्या दिवशी अण्णा थरथरायला लागले. जबडा हलत होता, दंड थडथडत होते. आईला राहवेना. "थंडी वाजायल्या त्यांना, बघा की!" म्हणत तिनं पिशवीतलं घोंगडं काढलं. सिस्टरनं तिचा हात धरला, "ब्याड री अव्वा," म्हणजे नको हो आई. घोंगडं बाजूला ठेवलं आणि स्वतःच अण्णांच्या पायात लोकरीचे मोजे चढवले, हात गरम कापडात गुंडाळले. कातडीला ऊब लागली की मेंदू थरथर आवरतो आणि आतलं अंग थंडच राहतं, हे तिनंच समजावलं. आईचं मन पुरतं चुकलं नव्हतं, एवढंच.

सगळी अडचण त्या थरथरीतच आहे. बाहेरून गार करायला जावं, तर स्नायू उष्णता तयार करतात आणि ऑक्सिजन खातात. म्हणून पेथिडीन, बुस्पिरोन, मॅग्नेशियम अशी औषधं देऊन ती थरथर दाबतात. पॅरासिटामॉल चढलेला ताप उतरवतं, पण मेंदू वाचवायला 37 चं शरीर 33 वर नेणं त्याच्या आवाक्यातलं नाही. ते औषधानं जमावं ही धडपड जुनी आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये सर्जन आंरी लाबोरींनी क्लोरप्रोमाझिन, प्रोमेथाझिन आणि पेथिडीन एकत्र देऊन 'कृत्रिम शीतनिद्रा' आणायचा प्रयत्न केला. तापमान एक अंश उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज साधारण 6-7 टक्क्यांनी घटते. एवढ्यासाठीच हा खटाटोप.

आणि त्या शोधात आपली मिरची खरंच आहे. तिच्यातलं कॅप्सायसिन नसेच्या टोकावरच्या ज्या दाराला धक्का देतं, तेच दार 43 अंशांच्या आसपासच्या उष्णतेनंही उघडतं. हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. शरीराला वाटतं आपण तापलोय, घाम सुटतो, कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग निवतं. तिखट रश्श्यावर कपाळ भिजतं ते याच्यामुळंच. तिचाच भाऊबंद असलेलं डायहायड्रोकॅप्सायसिन टोचून उंदरांचं तापमान उतरवता आलंय. पण उंदीर मुठीएवढा, लगेच निवतो. सत्तर किलोच्या माणसाचं तसं नाही. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. माणूस कोसळला, श्वास थांबला, तर 108 ला फोन करा आणि छाती दाबायला लागा. तिखटाचा डबा शोधत बसू नका, हात जोडून सांगतो.

मला अंग आतून थंड करणाऱ्या या औषधांची आशा आहे, अण्णांकडं बघून तर फारच. पण आशेपोटी घाई नको. 2002 मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांनी सांगितलं, हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या बेशुद्ध माणसाला 32 ते 34 अंशांवर ठेवा. 2021 च्या मोठ्या चाचणीत 33 अंशांवर ठेवलेले आणि फक्त ताप आवरलेले, दोघांत फरक निघाला नाही. त्याच वर्षी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या 408 नवजात बाळांवरच्या चाचणीचा निकाल आला. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना थंड केल्यानं श्रीमंत देशांत जीव वाचतात, इथं मात्र थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. ते वाचून मला रात्रभर झोप नाही आली. म्हणून माझं म्हणणं आहे, असं औषध उद्या आलं तर त्याची चाचणी आमच्या बेळगाव-हुबळीच्या आयसीयूंतही व्हावी, आमच्या माणसांवर, घरच्यांना मराठीत नि कन्नडात नीट समजावून, त्यांची संमती घेऊन.

अण्णा आता सोप्यात बसून मिरचीची देठं खुडतात. नातवाला अजून माझ्याच नावानं हाक मारतात.