रॉड बर्नार्ड यांच्या तबकडीबद्दल खुलासा

‘धिस शुड गो ऑन फॉरएव्हर’ हे गाणं अमेरिकन गायक रॉड बर्नार्ड यांनी स्वतः लिहिलं आणि शिकागोच्या चेस कंपनीने ते रेकॉर्ड केलं, असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

गाणं किंग कार्ल यांचं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातले हे कृष्णवर्णीय गायक गिटार गेबल यांच्या बँडसोबत गात. लुइझियानातल्याच ओपलूससच्या केजन (तिथल्या फ्रेंच वंशाच्या समाजातल्या) तरुण बर्नार्ड यांनी ते कार्ल यांच्याकडूनच घेतलं. रेकॉर्डिंग १९५८ मध्ये क्राउली गावी, जे. डी. मिलर यांच्या स्टुडिओत झालं आणि तबकडी काढली व्हिल प्लॅटच्या फ्लॉइड स्वालो यांनी, आपल्या जिन या लेबलवर, म्हणजे तबकड्यांच्या ब्रँडवर.

गोंधळाचं मूळ पुढे आहे. मागणी वाढल्यावर स्वालो यांनी तेच रेकॉर्डिंग चेसच्या आर्गो या उपलेबलला वितरणासाठी दिलं. देशभर पोहोचली ती आर्गोची प्रत. १९५९ मध्ये गाणं बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या विसात आलं. जुन्या ४५ आरपीएम तबकड्या घेणाऱ्यांनी तबकडीच्या मधल्या कागदावरचं नाव आणि क्रमांक पाहावा: जिन १०५ ही आधीची, आर्गो ५३२७ नंतरची. नुसतं आर्गो पाहून ‘पहिली आवृत्ती’ म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

गाण्यावर ‘बंदी’ होती, हेही अतिशयोक्तच. ‘अमेरिकन बँडस्टँड’ या टीव्ही कार्यक्रमासाठी ‘पाप’ हा शब्द असलेली ओळ तेवढी बदलावी लागली. तबकडीवर मूळ शब्दच आहेत.