निवाऱ्यातली रात्रपाळी

नागपूरला पूर येत नाही, हा आपला जुना समज. पूर कोल्हापूर-सांगलीला येतो, भामरागडचा संपर्क तुटतो, आणि आपण इथून कपडे-धान्य गोळा करून पाठवतो. आपल्याच जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात 204 माणसं गेली, तेही शहराला फारसं आठवत नाही. मग 23 सप्टेंबर 2023 ची पहाट उजाडली. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, बाया दमून झोपलेल्या. मध्यरात्रीनंतर चार तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि जिला आपण वर्षभर नाला म्हणतो ती नाग नदी लोकांच्या घरात शिरली.

ज्यांचे नातेवाईक वरच्या भागात पक्क्या घरात होते ते तिकडे गेले. ज्यांचे सगळे सोयरे त्याच वस्तीत, ते निवारा म्हणून उघडलेल्या शाळेत आले. अशाच एका शाळेत मी नर्स म्हणून गेले होते. नोकरी सांभाळून, वॉर्डातली ड्युटी सुटल्यावर. त्यामुळे माझी वेळ आपोआप रात्रीची झाली, आणि म्हणूनच आज हे लिहिते आहे. दिवसा गेले असते तर मलाही वाटलं असतं की छान चाललंय सगळं.

दिवसा तिथे आरोग्य शिबिरं व्हायची. अकराला बॅनर लागायचा, टेबल मांडायचं, दोनच्या सुमारास आवरायचं. पण अकराला शाळेत असायचं कोण? म्हातारी माणसं आणि लहान लेकरं. धडधाकट माणसं, त्यातही बाया, सकाळीच घरी गेलेल्या असायच्या गाळ उपसायला. फावडं, घमेलं, अनवाणी पाय. त्या गाळात काच, पत्रा, खिळे, मेलेल्या घुशी, काय नसतं! सगळे परतायचे अंधार पडल्यावर. कापलेलं बोट, फणफणलेलं अंग, बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या फटक चिखल्या, हे सगळं रात्री आठनंतर वर्गात यायचं. तेव्हा टेबल नाही, बॅनर नाही, डॉक्टर नाही. शिबिराच्या वहीत मात्र ‘शंभर रुग्ण तपासले’.

पूरग्रस्तांची शुश्रूषा म्हटलं की लोकांना मलमपट्टी दिसते. ती असते, धनुर्वाताचं इंजेक्शनही असतं, पण ते काम लवकर उरकतं. न उरकणारं काम म्हणजे वाहून गेलेल्या रोजच्या गोळ्या. बीपीची, शुगरची, थायरॉईडची, फिटची, टीबीची. फाईल भिजून लगदा झालेली. विचारलं तर उत्तर येतं, “पांढरी हाये बाई, बारकी, सकाळी घेतो.” अशा शंभर पांढऱ्या गोळ्या असतात. मग एकेकाजवळ बसून कोणत्या दवाखान्यातून घेता, जेवणाआधी की नंतर, दिवसातून किती, कशासाठी सुरू केली, असं उकलत जावं लागतं. इन्सुलिनवाल्या काकूंसाठी फ्रिज कुठला? मडकं आणलं, भोवती ओलं फडकं गुंडाळलं, आत कोरड्या डब्यात कुपी. हा घरगुती जुगाड नाही, फ्रिज नसेल तर हीच पद्धत सांगतात. टीबीच्या पेशंटला तर एक दिवसही वाऱ्यावर सोडायचं नसतं. त्या भागातली आशाताई, म्हणजे वस्तीतलीच आरोग्य कार्यकर्ती, हाताशी असली की अर्धं काम झालं, कारण कोण कशाच्या गोळ्या घेतं ते तिला तोंडपाठ असतं. तिच्या स्वतःच्या घरातही पाणी शिरलेलं होतं, हेही सांगून ठेवते.

आता एक रात्र सांगते. अकरावीतली असावी अशी एक मुलगी भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. आई म्हणे, “थकली असन, दिवसभर बादल्या वाह्यल्या तिनं.” हात लावला तर हात गार, ओठ कोरडे, आणि गुडघ्यांना स्पर्शही सोसवेना. विचारलं तेव्हा आईने हळूच सांगितलं, सिकलसेल आहे, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भातल्या नर्सला पुढचं कुणी सांगावं लागत नाही. थंडी, ओले कपडे, श्रम आणि पाण्याची कमतरता, दुखणं उसळायला आणखी काय हवं? “पाणी किती प्यालीस गं?” ती गप्प. मग म्हणाली, “संडासले जा लागते नं.” बायांच्या बाजूला दोनच चालू होते, एकाला कडी नाही, आणि रात्री तिथे दिवा नाही. म्हणून ती दुपारपासून पाणीच प्यायली नव्हती.

कोरडे कपडे घातले, दोन चादरी पांघरल्या, घोटघोट ओआरएस पाजलं, पॅरासिटामॉल दिली. ताप चढायला लागला तसं थांबले नाही, एकाच्या गाडीतून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, पाठवलं. सिकलसेलमध्ये ताप अंगावर काढायचा नसतो. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यात आधी कडी आणि बल्ब लावून घेतला. ते नर्सिंगच होतं, कुणी काहीही म्हणो. निवाऱ्यात वीस माणसांमागे एक संडास असावा, असा आपत्तीकाळासाठी जगभर मानला जाणारा निकष आहे. आपल्या शाळांत मुळात किती असतात ते आईबापांना ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट नोंदीची. एका गटाने, नाव घेत नाही, लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, धास्तीने डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी खिरापतीसारखी वाटली. उपाशीपोटी, कुणाला काही न विचारता. मोठ्या माणसाला आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर, असं ते औषध. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या लेकराला सहसा देत नाहीत. इथे सात महिन्यांच्या पोटुशीच्या पदरात गोळी होती. नशीब, तिने गिळायच्या आधी विचारलं. संध्याकाळी दुसरा गट आला, तोही तीच गोळी वाटायला निघाला! त्यांना आधीचं कळणार कुठून? कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग मी शाळेतलीच एक वही घेतली आणि रकाने आखले: नाव, वय, आजार, काय दिलं, कधी दिलं, आणि कुठे झोपतात. ‘सहावी ब, फळ्याखाली.’ ‘मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, बाकावर.’ रात्री दोनला माणूस शोधायला याच पत्त्याचा उपयोग होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की मदत करणाऱ्या नर्सेसनी दिवसाची शिबिरं इतरांना करू द्यावीत आणि रात्र घ्यावी. संध्याकाळी सात ते सकाळी सात, दोघी मिळून, एक वही. काही मैत्रिणींना हे पटणार नाही. त्या म्हणतात, रात्री सुरक्षित नसतं. खरं आहे. म्हणून तर दोघी, आणि दारात वस्तीतलाच ओळखीचा माणूस. पण आपल्याला जिथे असुरक्षित वाटतं, तिथेच त्या बाया-पोरी झोपल्या आहेत.

विद्यार्थिनींनी जरूर यावं, पण ट्यूटरबरोबर. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसेल तर सुई हातात धरू नका, कितीही भलं मन असलं तरी. निवृत्त सिस्टर्सना मात्र हात जोडून विनंती. तुमची नजर आम्हाला अजून यायची आहे. आणि दवाखान्यांनी अशा रात्रींची रजा ड्युटीत धरावी. वॉर्डात उभं राहून मग निवाऱ्यात उभं राहणं माणूस किती दिवस करणार?

महापालिकेचे दहा झोन आहेत. प्रत्येक झोनमधल्या दहा-बारा जणींची यादी पावसाळ्याआधी तयार असावी, एवढंच मागते आहे. कमेंटमध्ये फक्त झोन लिहा, नंबर नको, तो इनबॉक्समध्ये. घरी लहान मूल असेल, सासूबाई अंथरुणावर असतील, तर तसंही सांगा, महिन्यातली एकच रात्र द्या. नर्सिंग येत नाही पण गाडी आहे आणि रात्री दोनला फोन उचलता, अशांनीही लिहा. इलेक्ट्रिकचं काम येणारा कुणी असेल तर त्याचं नाव मी यादीत सगळ्यात वर टाकते.