पाटीपेक्षा कढई बघा

जुलै २०२५ मध्ये ‘समोसा-जिलबीवर आता सिगारेटसारखा इशारा’ अशी बातमी पसरली, तेव्हा आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवरही दोन दिवस दुसरा विषय नव्हता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सुचवलं होतं एवढंच, की कार्यालयांत आणि संस्थांत पदार्थांतल्या तेल-साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावा. गाडीवाल्यांवर कसलीही सक्ती नाही, असा खुलासाही लगेच झाला. पण तोवर दोन तट पडून गेले होते. एकाचं म्हणणं, गाड्या उठवा. दुसऱ्याचं, गरिबाच्या घासाला हात लावू नका.

पहिल्यांनी लॉस एंजेलिसकडे बघावं. तिथल्या नगरपरिषदेने २००८ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब भागात नव्या स्वतंत्र फास्ट-फूड दुकानांना मनाई केली. रँड संस्थेच्या संशोधकांनी पुढे आकडे तपासले. २००७ मध्ये त्या भागात वजन जास्त असलेले किंवा लठ्ठ लोक ६३ टक्के होते; २०११-१२ मध्ये ते ७५ टक्के झाले. शहराच्या इतर भागांत वाढ झाली ५७ वरून ५८. मनाईमुळे लठ्ठपणा वाढला असं कुणी म्हणत नाही, पण थांबला नाही हे तर दिसतंच. जुनी दुकानं होती तिथेच राहिली, आणि शॉपिंग सेंटरच्या गाळ्यांत नवी उघडायला आडकाठी नव्हती.

दुसऱ्या तटाला विचारायला हवं की गरिबाला दुसरा घास दिला तर तो खात नाही, हे कुणी ठरवलं? शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपये. शहरात थाळीची किंमत ५० धरली होती, वरचे ४० सरकारचे. जेवणाऱ्यांची वानवा कधी पडली नाही. बातम्या येतात त्या केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या. आणि बिल थकलं की चालक काय करणार? वरण पातळ. कुपथ्यावर भाषणं देणाऱ्यांनी आधी ही बिलं चुकती करावीत.

मी राहतो त्या फिलाडेल्फियात एक वेगळा प्रयोग झाला. अमेरिकेतल्या दहा सर्वांत मोठ्या शहरांत गरिबीचं प्रमाण अनेक वर्षं इथे सर्वाधिक होतं, आणि गरीब वस्त्यांत कोपऱ्याकोपऱ्यावर चिनी जेवण बांधून देणारी छोटी दुकानं. बहुतेक एकाच कुटुंबाची. कित्येक ठिकाणी जाड काचेआडून पैसे घ्यायचे आणि पुडकं सरकवायचं. रक्तदाबाचे रुग्ण भरपूर, आणि जेवणात मीठ बेसुमार. २०१२ च्या सुमारास शहराच्या आरोग्य खात्याने आणि टेम्पल विद्यापीठाने अशा दोनशेच्या आसपास दुकानांना हाताशी धरलं. दंड नाही की फलक नाही. आचाऱ्यांना त्यांच्या भाषेत शिकवलं: सॉस मापून घाला, मिठाऐवजी लसूण, आलं, मिरची वाढवा, सोया सॉसच्या पुड्या मूठभर कोंबू नका, मागितल्या तरच द्या. तपासलेल्या पदार्थांत मीठ खरोखरच कमी झालं. गिऱ्हाइकांचा रक्तदाब उतरला का, हा निराळा प्रश्न. तो दावा मी करणार नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मालकाला यात तोटा नव्हता. सॉस कमी गेला तर पैसे त्याचेच वाचतात.

आपल्याकडे हे जसंच्या तसं चालणार नाही, कारण वडापाववाल्याचं गणित नेमकं उलटं आहे. कढईतलं तेल वेळेवर बदललं तर खर्च वाढतो. त्यात मोठ्या तळणीतून उतरलेलं काळं तेल स्वस्तात गाड्यांवर पोचतं, हे अन्नसुरक्षा प्राधिकरणालाही ठाऊक आहे. म्हणूनच १ जुलै २०१८ पासून तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणाऱ्या घटकांवर, २५ टक्क्यांची मर्यादा आली, आणि पुढे दिवसाला ५० लिटरच्या वर तळणीचं तेल वापरणाऱ्यांनी वापरलेलं तेल कुणाला दिलं याची नोंद ठेवायची, असं ठरलं. ते तेल बायोडिझेलकडे वळवण्याची योजनाही कागदावर चांगली आहे.

पण गाडीवाला ५० लिटरच्या खूप खाली. त्याचं उरलेलं दोन-तीन लिटर तेल उचलायला कोण येणार? पालिकेने वॉर्डावॉर्डांत आठवड्यातून दोनदा टेम्पो फिरवावा, लिटरमागे रोख पैसे मोजावेत आणि त्याच हाताने नवं तेल घाऊक भावात द्यावं. दुसरं काम त्याहून सोपं: मोठ्या हॉटेलांच्या आणि फरसाणवाल्यांच्या त्या नोंदवह्या उघडायच्या आणि तेल ज्याच्या नावावर गेलं, त्याच्या दारात जाऊन ते पुढे कुठे गेलं ते विचारायचं. त्यासाठी कुठली गाडी उठवावी लागत नाही.