"त्या जागेचं रेकॉर्डच नाहीये" म्हणणाऱ्यांसाठी

गावाकडं पारावर बसा नाहीतर लग्नाच्या मांडवात, जागेचा विषय निघाला की कुणीतरी हळूच म्हणतंच, अहो त्या जागेचं काही रेकॉर्डच नाहीये. आणि म्हणताना चेहऱ्यावर जो भाव असतो ना त्याचा सरळ अर्थ असा, की कुणाचीच नाही मग घ्या कुंपण मारून. मला या वाक्याची चीड आहे. आपल्याकडं जागेचा कागद बहुतेक वेळा असतो, फक्त आपण ज्या खिडकीत विचारतो तिथं तो नसतो. आणि समजा खरंच कुठंच नसला तरी ती जागा शेजाऱ्याची होत नाही, हे तर कुणाच्या डोक्यातच येत नाही.

माझ्या आतेभावाचंच बघा. सातारा जिल्ह्यात गाव, घर गावठाणात, घराला लागून एक पडकी जागा, नुसती जोती उरलीत आणि त्यात बाभळी. त्यानं मोबाईलवर सातबारा शोधला, गट नंबरच सापडेना, महाभूनकाशा या जमिनीच्या नकाशांच्या सरकारी साईटवर बघितलं तर सगळं गाव एकच मोठा तुकडा. लगेच मला फोन, दादा काही रेकॉर्ड नाहीये, जेसीबी बोलावू का?

अरे बाबा गावठाणाचा सातबारा नसतोच! सातबारा हा शेताचा. इंग्रजांनी जमीन मोजली ती शेतसारा वसूल करायला, 1836 च्या सुमारास इंदापूरकडं विंगेट आणि गोल्डस्मिड या साहेबांनी जी पाहणी सुरू केली तिच्यात प्रत्येक शेताला नंबर पडला, त्याचा सारा ठरला, पण राहत्या घरांना शेतसारा नव्हता मग आतली घरं मोजायची कुणाला पडली होती. बाहेरून गावठाणाची हद्द आखली आणि आत कोण राहतं ते गावानं बघायचं. पुढं महसूल कायद्यात कलम 126 आलं, साधारण दोन हजारांवर वस्ती असलेल्या बऱ्याच गावांची गावठाणं त्याखाली मोजली गेली, तिथं सिटी सर्व्हे नंबर आणि मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळते. लहान गावं तशीच राहिली. तर पहिला प्रश्न हा, की तुमच्या गावठाणाची मोजणी पूर्वी झालीय का, आणि तो विचारायचा तालुक्याच्या भूमि अभिलेख ऑफिसात. तलाठ्याकडं नाही (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच म्हणतात). महसूलवाले वेगळे, भूमि अभिलेखवाले वेगळे, दस्त नोंदणीवाले वेगळे आणि ग्रामपंचायत चौथीच. या चौघांचं एकमेकांशी बोलणं किती आहे ते ज्यानं हेलपाटे घातलेत त्यालाच विचारा. आमच्या वेळी तर एका टेबलावर "हे आमच्याकडे येत नाही" एवढंच उत्तर, मग कुणाकडं येतं म्हटलं तर साहेब मीटिंगला.

ग्रामपंचायतीचा आठचा उतारा घेऊन लोक मालक होतात हा अजून एक प्रकार. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच त्यात ठरतं. पट्टी भरली म्हणून जागा तुमची झाली असं नाही, तसं असतं तर दुसऱ्याच्या जागेची पट्टी भरायला गावात रांग लागली असती. सातबाऱ्याच्या फेरफाराचंही तसंच, नोंद खरी धरून चालायची असं कायदा म्हणतो पण नोंदीनं मालकी तयार होत नाही हे सुप्रीम कोर्टानं कितीदा सांगून झालंय. पण जुना आठ उतारा मालक शोधायला मात्र सोनं आहे. चालू वर्षाचा नको, जितका मागचा मिळेल तितका मागचा काढा, कारण घर पडायच्या आधी त्या घराची पट्टी कुणाच्या तरी नावानं निघत असणारच.

मग खरेदीखत का नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. तर शंभर रुपयांच्या आतली जागा विकली असेल तर दस्त रजिस्टर करायची सक्तीच नव्हती, ताबा दिला की व्यवहार पूर्ण. आता शंभर रुपयांत काय येतं, पण आपल्या पणजोबांच्या काळात गावठाणातली जागा शंभराच्या आतच मिळायची. म्हणजे ज्याच्याकडं दस्त नाही तो खोटा असं अजिबात नाही, त्या वेळच्या कायद्यानं सगळं बरोबर होतं. म्हणून दुय्यम निबंधकाकडं सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी, काढली आणि काही निघालं नाही तर तिथंच हात झटकू नका.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती, आणि ही एका जुन्या बाँडरायटरनं शिकवली. ज्या जागेचा कागद नाही तिचा कागद शोधूच नका, शेजाऱ्यांचे शोधा. प्रत्येक दस्तात चतुःसीमा असते, पूर्वेस कोण पश्चिमेस कोण. त्या पडक्या जागेला चार बाजू, तिन्हीकडं घरं आणि एकीकडं बोळ. त्या तीन घरांपैकी एकाचं जुनं गहाणखत ट्रंकेत निघालं, मोडी लिपीत होतं, वाचून घेतलं, आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं, उत्तरेस अमुक सोनार यांचे घर व परडे. झालं की! ज्या जागेचं "काहीच रेकॉर्ड नाही" तिच्या मालकाचं नाव शेजाऱ्याच्या ट्रंकेत गपचूप पडलेलं होतं. मग गावातल्या म्हाताऱ्यांना सोनार म्हटल्यावर आठवलं, हां ते, ते मिरजेला गेले दुकान टाकायला, त्यांची एक लेक वाईला दिलेली.

म्हातारी माणसं हे चालतंबोलतं दप्तर आहे पण त्यांना "ही जागा कुणाची" विचारू नका, कारण मग भांडण लागायच्या भीतीनं ती गप्प बसतात. "इथं पूर्वी कोण राहायचं" असं विचारा, मग चहा संपेपर्यंत थांबत नाहीत.

नाव मिळालं तरी माणूस मेलेला असतो, मग वारस. इथं लोकांना माहीत नसलेल्या दोन जागा सांगतो. एक म्हणजे त्र्यंबकेश्वर-नाशिकचे तीर्थोपाध्ये, त्यांच्या वह्यांत कुळं गावानुसार लावलेली असतात, कोण कधी आलं, कुणाचा मुलगा, भाऊ किती, सगळं. दुसरी म्हणजे गावाचं कोतवाल बुक, गाव नमुना 14, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी. 2023 पासून कुणबी नोंदी शोधायला शिंदे समितीनं जे दप्तर उघडायला लावलं त्यात हीच बुकं आणि शाळेची रजिस्टरं बाहेर आली, बऱ्याच जिल्ह्यांच्या साईटवर पानं स्कॅन करून टाकलीत. आरक्षणाचं राजकारण बाजूला ठेवा, पण शंभर वर्षं गाठोड्यात बांधलेलं दप्तर त्या निमित्तानं झटकलं गेलं हे मात्र झकास झालं.

शेताचं असेल तर काम तुलनेनं सोपं. गट नंबर सापडत नसेल तर एकत्रीकरणाच्या, म्हणजे तुकडे जोडून गट पाडायच्या, आधीचा जुना सर्व्हे नंबर कोणता होता ते काढा, मग जुने सातबारे आणि फेरफार. नाव मेलेल्या माणसाचं निघेल, तिथं वारसांची नावं लावायला 2025 मध्ये सरकारनं जिवंत सातबारा मोहीम चालवली. आणि कुठल्याही ऑफिसात "नाही" म्हटले तर "अभिलेख आढळून येत नाही" हे लेखी घ्या, माहिती अधिकारात अर्ज टाका. लेखी द्यायचं म्हटलं की कधीकधी कपाट आपोआप उघडतं.

आता जेसीबीवाल्यांसाठी. महसूल कायद्याचं कलम 20 म्हणतं की जी जमीन दुसऱ्या कुणाच्याही मालकीची नाही ती सरकारची. आणि जमिनीचा धारक वारस न ठेवता गेला तर कलेक्टरनं ताब्यात घ्यायची, तीन वर्षांत कुणी दावेदार आला तर चौकशी करून त्याला द्यायची. यात शेजारी कुठंच बसत नाही. बारा वर्षं कब्जा केला की आपली होते असं एक ज्ञान व्हॉट्सॲपवर फिरतं, तर तो कब्जा उघड, सलग आणि मालकाच्या विरोधात होता हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि सरकारी जागा निघाली तर बाराच्या जागी तीस वर्षं. नुसती जळणाची लाकडं रचून काही होत नाही.

आणि हे सगळं आत्ता का लिहितोय, तर स्वामित्व योजना. गावठाणं ड्रोननं मोजून मिळकत पत्रिका द्यायची ही योजना केंद्रानं 24 एप्रिल 2020 ला जाहीर केली, आपल्याकडं त्याआधीच पुरंदरच्या सोनोरी गावात ड्रोननं गावठाण मोजून बघितलेलं. ड्रोन यायच्या आधी हद्दीवर चुना टाकतात, मग वरून फोटो, मग चौकशी आणि मग मिळकत पत्रिका. योजना चांगलीच आहे. पण ड्रोनला छप्पर दिसतं, मालक दिसत नाही. मालक ठरतो चौकशीत, आणि चौकशीची नोटीस लागते गावात, तुम्ही राहता पिंपरीत, ठाण्यात, सुरतेत, नाहीतर दुबईत. तिथं चुना कुणी टाकला आणि हद्द कुणी दाखवली यावर पुढच्या पिढ्यांची भांडणं ठरणार आहेत. माझं म्हणणं, बाहेर राहणाऱ्यांना कळवायची जबाबदारी पंचायतीवर टाकायला हवी, जुन्या आठ उताऱ्यावरच्या प्रत्येक नावाच्या वारसाला निदान एक फोन. घरपट्टी थकली की बरोबर नंबर सापडतो की तुम्हाला!

सोनारांचे वारस सापडले. काही मिरजेत, काही ठाण्यात, सगळे मिळून बरीच माणसं. आतेभावाला वाटलेलं, येतील, सह्या करतील, पैसे घेऊन जातील. तर त्यातली एक पणती म्हणाली विकायचं नाही, आम्हाला तिथं लहानसं घर बांधायचंय, आम्हाला तर माहीतच नव्हतं अशी जागा आहे म्हणून. आतेभाऊ माझ्यावर जाम चिडलाय, म्हणतो तुला शोधायला कुणी सांगितलं होतं. आता त्यांनी चौकशीत नाव लावायला अर्ज दिलाय, आणि लगतधारक, म्हणजे लागून जागा असलेला शेजारी, म्हणून हद्द दाखवायला बोलावणं आतेभावालाच आलंय.