खानदेशच्या उन्हात काचेची नगरपालिका? एका फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतो आहे. वर निळ्या काचेच्या इमारतीचा फोटो आणि खाली मजकूर. त्याचा सारांश असा : खानदेश मागे राहिला, कारण आपल्या नगरपालिका, शाळा आणि मार्केट अजून जुन्या वळणाची आहेत. दुबई आपल्याहून जास्त तापते, तरी तिथे काचेच्याच इमारती. काचेमुळे उजेड येतो, वीज वाचते. ४५ अंशांत एसीशिवाय काही चालत नाही. जाड भिंती, ओसरी, जाळ्या यांत जागा आणि पैसा वाया जातो. पुन्हा धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात जायचंय का? आणि उन्हाचा विचार करून बांधणं हे श्रीमंत संस्थांचे चोचले.

हीच वाक्यं आता संस्थाचालकांच्या आणि नगरसेवकांच्या तोंडून ऐकू येऊ लागली आहेत, म्हणून उत्तर द्यायला हवं. एकदा उभी राहिलेली इमारत पन्नास वर्षं हलत नाही. तिच्यात बसणारी पोरं आणि दाखल्यासाठी रांगेत उभी राहणारी माणसं ती चूक दर उन्हाळ्यात सोसतात.

दुबईपासून सुरुवात करू. तिथे काचेचे मनोरे आहेत, हे खरं. पण त्याच दुबईने नव्या इमारतींसाठी ऊर्जाबचतीचे सक्तीचे नियम केले आहेत आणि काचेतून किती उष्णता आत येऊ द्यायची यावरही त्यात बंधन आहे. शेजारच्या अबुधाबीत २०१२ साली अल बहर टॉवर्स उभे राहिले. त्यांच्या काचेवर बाहेरून जाळीचा दुसरा पडदा आहे आणि सूर्य फिरेल तशा त्या जाळ्या उघडमीट करतात. म्हणजे तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शहरांनाही काच झाकावी लागली. २०१७ साली उघडलेल्या तिथल्या लूव्र संग्रहालयावर १८० मीटर व्यासाचा जाळीदार घुमट आहे, त्यातून ऊन गाळूनच खाली येतं. आखाताचं अनुकरण करायचं असेल तर ते या इमारतींचं करावं. त्या आत्ताच्या आहेत, आणि जुनाट तर मुळीच नाहीत.

आता उजेडाचा मुद्दा. हा पहिल्यांदा ऐकताना पटतो, म्हणून यावर जरा थांबतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता कुठल्याही काचेच्या कार्यालयात जा आणि खिडक्यांकडे बघा. पडदे ओढलेले असतात, कुठे काचेला वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं, आणि आत ट्यूबलाइट चालू. कारण काचेतून उजेडापेक्षा झळाळी जास्त येते. कॉम्प्युटरचा पडदा दिसत नाही, फळ्यावर चमक पडते. मग पडदा ओढायचा आणि दिवा लावायचा, म्हणजे उजेडासाठी लावलेली काच उजेडाच्याच कामाची राहत नाही. पडद्याने उष्णताही फारशी अडत नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलंच असतं. ते अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवावं लागतं.

उष्णतेचा हिशेबही मांडू. मेमध्ये दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊन पडतं. साध्या एकेरी काचेतून त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग आत येतो. म्हणजे शंभर चौरस फूट काच असेल तर साडेचार किलोवॅट उष्णता खोलीत. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट बाहेर फेकतो. तेव्हा फक्त त्या काचेची भरपाई करायला सव्वा टनाचा एसी लागला, माणसं आणि मशीन अजून मोजलीच नाहीत. तिथेच नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत असती तर हा आकडा साधारण दहाव्या हिश्श्यावर आला असता. शिवाय ती उष्णता सहा-सात तास उशिरा आत पोचते, तोवर शाळा सुटलेली असते आणि कार्यालयाला कुलूप लागलेलं असतं. घरात हीच भिंत रात्री त्रास देते, हे मान्य. पण दिवसा वापरायच्या इमारतीला तिच्यासारखा मित्र नाही.

कोणी म्हणेल, लेप दिलेली दुहेरी काच मिळते. मिळते, आणि ती उष्णता तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली आणते. पण आपल्याकडे ठेकेदार बहुतेक वेळा लावतो ती एकेरी, आरशासारखी चमकणारी निळी-हिरवी काच. ती आतली उष्णता थोडी कमी करते आणि उरलेली रस्त्यावरच्या हातगाडीवाल्याच्या तोंडावर फेकते. शिवाय आपल्याकडच्या धुळीत ही काच सतत धुवावी लागते, आणि धुळ्यासारख्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं.

‘४५ अंशांत एसीशिवाय पर्याय नाही.’ यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. ऑपरेशन थिएटर, सर्व्हरची खोली, औषधांचं कोठार यांना एसी हवाच. मेच्या शेवटी भुसावळला जे तापतं त्यात नुसत्या पंख्यावर दिवस काढा, असं मी कोणाला सांगणार नाही. पण इमारत आधी तापू द्यायची आणि मग मशीनने थंड करायची, हा क्रम उलटा आहे.

जळगाव २१ अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या दिवसांत सगळ्यात जास्त ऊन छत घेतं आणि उघडा स्लॅब साठ अंशांपर्यंत तापतो. म्हणून पहिला खर्च छतावर. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर चिनी मातीच्या फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर, तेवढंही जमत नसेल तर दर उन्हाळ्याआधी चुन्याचा हात. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे त्यात वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचं कामही जोडलं. छतानंतर पश्चिमेची भिंत. तिकडे जिने, स्वच्छतागृहं, कपाटं टाकावीत आणि खिडक्या कमीत कमी ठेवाव्यात. दक्षिणेची खिडकी मात्र दोन फुटांच्या छज्ज्याने सहज सांभाळता येते, कारण उन्हाळ्यात त्या बाजूला ऊन जवळजवळ येतच नाही आणि थंडीत येणारं तिरपं ऊन हवंहवंसं असतं.

एवढं केल्यावर जी गरम हवा उरते तिच्यासाठी खानदेशाकडे एक हत्यार आहे, ते मुंबईकडे नाही. आपली उन्हाळी हवा कोरडी आहे. ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २८-२९ अंशांची हवा देतो. वाळ्याचे तट्टे लावणाऱ्या आपल्या आज्यांना हे माहीत होतंच. अहमदाबादच्या टॉरेंट संशोधन केंद्रात नव्वदच्या दशकात हेच तत्त्व अख्ख्या इमारतीला लावलं गेलं. उंच धुराड्यांमध्ये वरून पाण्याचं तुषारसिंचन करायचं, थंड झालेली जड हवा आपोआप खाली प्रयोगशाळांमध्ये उतरते. जूनमध्ये हवा दमट झाली की हे चालत नाही, आणि पाणी लागतं, हेही सांगायला हवं. त्या महिन्यासाठी एसी असू द्या. पण ज्या इमारतीच्या खिडक्याच उघडत नाहीत तिथे वीज गेली की पुढच्या अर्ध्या तासात माणसं बाहेर व्हरांडा शोधत फिरतात. बहुतेक वेळा व्हरांडाही ठेवलेला नसतो.

‘ओसरी आणि जाळी म्हणजे वाया गेलेली जागा.’ नगरपालिकेत सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? मुख्याधिकाऱ्यांची केबिन रिकामी असू शकते, रांग रिकामी नसते. जन्मदाखल्यासाठी, घरपट्टीसाठी, वारसनोंदीसाठी आलेली माणसं ज्या सावलीत उभी राहतात तीच त्या इमारतीची खरी कामाची जागा आहे. शाळेतही मधल्या सुट्टीत पोरं जेवतात ओसरीवरच. व्यापारी इमारतीचं म्हणाल तर तळमजल्याला दर्शनी काच हवी, माल दिसायला हवा, यात वाद नाही. पण तिच्यापुढे आठ फूट खोल पडवी काढली तर गिऱ्हाईक सावलीत थांबतं आणि शोकेसमधल्या साडीचा रंग उडत नाही. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानींखालून चाललेल्या कोणालाही हे वेगळं समजवावं लागत नाही. वरच्या मजल्यांवर डॉक्टर, वकील, क्लासेस असतात, तिथे काचेच्या भिंतीचं काय काम?

पैशाचा मुद्दा तर उलटाच आहे. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, त्याच्या राखेच्या विटा दारात मिळतात. रॅट ट्रॅप पद्धतीने वीट उभी लावली तर भिंतीत पोकळी राहते, विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि त्या पोकळीमुळे उष्णताही अडते. केरळात वास्तुकार लॉरी बेकर यांनी हे सरकारी आणि शैक्षणिक इमारतींत करून दाखवलं. याउलट काचेची चौकट आणि ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे बाहेरून येतात आणि दुरुस्तीला माणूसही बाहेरून येतो. त्या पत्र्यांबद्दल आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. आत प्लास्टिकचा गाभा असलेले स्वस्त पत्रे पेटतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसं गेली, ती आग अशाच आवरणातून वर चढली होती. शाळेच्या दर्शनी भागावर ते लावण्याआधी त्याचा गाभा कशाचा आहे, एवढं तरी विचारा.

धाब्याच्या घराचा टोमणा लगेच लागतो, कारण आपल्यातल्या कित्येकांच्या आयांनी पावसाळ्याआधी धाब्यावर माती चढवली आहे आणि गळणाऱ्या जागी भांडी मांडली आहेत. वाळवी, गळती, दर वर्षीची मेहनत, सगळं खरं. शाळेवर मातीचं धाबं घाला असं कोणीच म्हणत नाही. म्हणणं एवढंच की जाड छत, छोटे झरोके, मधला चौक यांतलं जे तत्त्व आहे ते आजच्या साहित्यात आणता येतं. जयपूरच्या पर्ल अकादमीत २००८ साली तेच झालं. बाहेरून जाळीची दुसरी भिंत, तिच्या आणि खऱ्या भिंतीच्या मध्ये मोकळी जागा, आणि खाली बावडीसारखा पाण्याचा खोलगट चौक. ते आजच्या फॅशनचं शिक्षण देणारं कॉलेज आहे, त्याला कोणी मागासलेलं म्हटलेलं ऐकलं नाही. आपल्याच जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ साली गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय उभं राहिलं. दगड जोधपूरचा आहे, त्यामुळे साहित्य स्थानिक म्हणता येणार नाही, पण काचेच्या डब्याशिवायही आजची सार्वजनिक इमारत रुबाबदार दिसते याचा पुरावा जळगावकरांच्या डोळ्यांसमोर आहे.

राहिला ‘श्रीमंतांचे चोचले’ हा आरोप. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याची नगरी चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपासच्या साहित्यातून सजवली. ती काही दिवसांपुरतीच होती, पण देशभरातून आलेल्या पुढाऱ्यांसमोर बांबू ठेवायला तेव्हा कोणाला कमीपणा वाटला नाही. आणि गरीब शाळेचंच उदाहरण हवं असेल तर बुर्किना फासो या आफ्रिकेतल्या देशातलं गांदो गाव घ्या. तिथेही पारा चाळिशीपार जातो. वास्तुकार फ्रान्सिस केरे याच गावचा. त्याने २००१ साली गावकऱ्यांच्या हातांनी मातीच्या विटांची प्राथमिक शाळा बांधली. वर्गावर छिद्रं ठेवलेलं विटांचं छत, आणि त्याच्या वर सळयांच्या सांगाड्यावर उचलून धरलेला पत्रा. वर्गातली गरम हवा छिद्रांतून वर जाते आणि पत्र्याखालून वारा तिला घेऊन जातो. पत्रा तापतो, पण त्याची आच पोरांपर्यंत पोचत नाही. केरेला २०२२ साली वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

आपल्या कित्येक जिल्हा परिषद शाळांवर आणि आश्रमशाळांवर आजही थेट डोक्यावर पत्रा आहे. मार्च लागला की सकाळची शाळा करून आपण वेळ मारून नेतो. त्या पत्र्याखाली हातभर मोकळी जागा ठेवून बांबूच्या तट्ट्यांचं दुसरं छत टाकायचं, दोन्ही टोकांना जाळी ठेवून हवा खेळती करायची, आणि पत्र्यावर पांढरा रंग द्यायचा. सातपुड्यात बांबू आहे, तट्ट्या विणणारे हात आहेत. ज्या संस्थेने आणि ज्या ग्रामपंचायतीने यंदा दर्शनी काचेसाठी पैसे बाजूला काढले आहेत, त्यांनी त्यातले थोडे फेब्रुवारीच्या आत या छतांसाठी द्यावेत.