गंधकवाल्या डीएनएचा तो मेसेज चुकीचा आहे (सुरुवात माझीच)

रविवारी आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटी ग्रुपवर मीच घाईत टाकलं होतं की डीएनएच्या कण्यात (साखर आणि फॉस्फेटच्या साखळीत) गंधक घातलं की त्याच्या दोन धाग्यांचा पीळ मोडतो, आता त्याला कोणीतरी शेपूट जोडलंय की एसएमएच्या (स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार) मुलांना देतात त्या नुसिनर्सेन या गंधकवाल्या औषधामुळे पेशंटचा डीएनएच बदलतो, आणि ते वाशीपर्यंत फिरून परत माझ्याकडेच आलं. दोन्ही चूक, पहिली माझी.

होतं काय, तर फॉस्फेटवरचा एक ऑक्सिजन काढून तिथे गंधक बसवतात. पीळ राहतो, दोन धाग्यांची एकमेकांवरची पकड जरा सैल होते एवढंच. लॅबमध्ये क्युव्हेट (छोटी पारदर्शक नळी) हळूहळू तापवत २६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचं रीडिंग घेतलं की ही गंधकवाल्या धाग्याची जोडी साध्या जोडीपेक्षा थोडी आधी सुटते, गंधक बसवलेल्या दर सांध्यामागे (सांधा म्हणजे दोन साखरांना जोडणारा फॉस्फेट) साधारण अर्धा डिग्री. बदल्यात डीएनए कापणारी एन्झाइम्स तिला सहज कापू शकत नाहीत. प्रत्येक सांध्यात गंधक दोनपैकी एका बाजूला बसू शकतं, म्हणून नुसिनर्सेनच्या १७ सांध्यांची १,३१,०७२ रूपं होऊ शकतात, हे मला अजूनही भारी वाटतं! नुसिनर्सेनमध्ये कण्यातली साखरही बदललेली असते, त्याने पकड उलट वाढते. आणि ते चिकटतं आरएनएला (जनुकाची पेशीत बनणारी नक्कल), गुणसूत्रातला डीएनए आहे तसाच राहतो.

माझा मेसेज डिलीट केलाय, तुमच्याकडे असेल तर प्लीज पुढे पाठवू नका. नातवाच्या इंजेक्शनसाठी घाबरलेल्या काकूंना मी फोन केलाय.