फळांच्या चवीचा रुईबॉस : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

डिचोली, फोंडा, म्हापसा या भागांतील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत रुईबॉस चहाविषयीचा (दक्षिण आफ्रिकेतील एका झुडपाची पाने व काड्या वाळवून केलेल्या पेयाविषयीचा) एक संदेश सध्या पुन्हा पुन्हा येत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा आहे : स्ट्रॉबेरी, पीच, संत्रे अशा चवींचा रुईबॉस खऱ्या फळांपासून तयार होतो, त्यामुळे एक कप प्यायला की एक फळ खाल्ल्यासारखे होते, आफ्रिकेच्या जंगलातील आदिवासी हजारो वर्षांपासून तो असाच फळे घालून पीत आले आहेत, त्यात ग्रीन टीच्या पन्नास पट अँटिऑक्सिडंट असतात, साखर न घालताही तो गोड लागतो, म्हणून मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी तो अवश्य घ्यावा, नेहमीच्या चहासारखा दूध घालून दोन मिनिटे उकळला की तो तयार होतो, आणि त्यात कॅफिन नसल्यामुळे तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत कोणीही तो दिवसभर कितीही प्यावा. शेवटी, आता कोकमाची गरज उरली नाही, असेही त्यात सांगितले आहे.

रुईबॉस हे मला मनापासून आवडणारे पेय आहे आणि त्याच्याविषयी चुकीचे बोलले गेले की वाईट वाटते. या संदेशातील काही विधाने खरी आहेत, काही अर्धी खरी आहेत आणि मुख्य विधान साफ चुकीचे आहे. फळाचा सुगंध म्हणजे फळ नव्हे, आणि त्या सुगंधाखाली रुईबॉसची स्वतःची चव झाकली जाते. पेय लक्ष देऊन चाखले तर या दोन्ही गोष्टी कोणाच्याही ध्यानात येतात.

पहिला दावा खऱ्या फळांचा आहे. रुईबॉसची पाने आणि कोवळ्या काड्या वाळवून, चाळून तयार झाल्यावर त्या मोठ्या फिरत्या पिंपात घातल्या जातात आणि त्यांच्यावर द्रवरूप सुगंधी द्रव्य फवारले जाते. सुकलेल्या फळांचे तुकडे किंवा फुलांच्या पाकळ्या त्यात मिसळल्या जातात. स्ट्रॉबेरीची किंवा पीचची ओळख पटते ती मुख्यतः त्या फवारलेल्या द्रव्यामुळे. आपल्याकडील नियमांनुसार पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि वरून घातलेल्या सुगंधाचा उल्लेख करावा लागतो, त्यामुळे पाकिटाच्या पुढच्या बाजूवरील चित्र न पाहता मागची यादी वाचावी. स्ट्रॉबेरीचे चित्र असलेल्या पाकिटातही फळ म्हणून पुष्कळदा सफरचंदाचे तुकडे निघतात, कारण ते स्वस्त असतात आणि त्यांची स्वतःची चव दुसऱ्या वासाच्या आड येत नाही.

फळ खरोखर असले तरी ते किती असते, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. एका पुडीत साधारण २ ग्रॅम ऐवज असतो. त्यातील दहावा भाग सुकलेली स्ट्रॉबेरी आहे असे उदारपणे धरले, तर ती ०.२ ग्रॅम होते. ताज्या स्ट्रॉबेरीत सुमारे ९० टक्के पाणी असते, म्हणून तेवढा सुका अंश सुमारे २ ग्रॅम ताज्या फळाचा झाला. १०० ग्रॅम ताज्या स्ट्रॉबेरीत क जीवनसत्त्व ६० मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे आपल्या कपाच्या वाट्याला एक मिलिग्रॅमपेक्षा किंचित जास्त येते, आणि सुकवताना व उकळत्या पाण्यात जे नष्ट होते ते यातून वजा करायचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढ स्त्रीची रोजची गरज ६५ आणि प्रौढ पुरुषाची ८० मिलिग्रॅम दिलेली आहे. एक कप म्हणजे एक फळ हे समीकरण येथेच संपते.

तरीही ‘पण चव तर फळाचीच लागते ना?’ हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर चाखूनच मिळवावे. एकाच आकाराचे दोन कप घ्यावेत, एकात साधा रुईबॉस आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा फळांच्या चवीचा रुईबॉस घालावा, दोन्हींवर सारखे उकळते पाणी ओतून सहा-सात मिनिटे झाकून ठेवावे आणि कोमट झाल्यावर चाखावे. फार गरम असताना जीभ बारकावे टिपत नाही. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल, तर ते आधी गाळून घ्यावे. चवीच्या कपाचा पहिला घोट नाक चिमटीत धरून घ्यावा. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसल रुचकरपणा (उमामी) एवढ्याच चवी ओळखते. हे स्ट्रॉबेरी आहे की पीच, हे आपल्याला घशाच्या मागून नाकात जाणाऱ्या वासावरून कळते. ती वाट बंद झाली की स्ट्रॉबेरी जवळजवळ नाहीशी होते आणि मागे राहतो तो साध्या रुईबॉसचा हलका गोडवा व जिभेच्या कडांना जाणवणारा सौम्य तुरटपणा. चिमटी सोडताच फळ परत येते. नाक धरूनही आंबटपणा टिकून राहिला, तर यादीत लाल अंबाडीची बोंडे किंवा सायट्रिक आम्ल सापडण्याची शक्यता मोठी आहे.

हाच प्रयोग पाण्यात मिसळलेल्या कोकमाच्या आगळावर (दाट रसावर) करून पाहावा. नाक कितीही घट्ट धरले तरी आंबटपणा जिभेवरून हलत नाही, कारण तो सालीतील आम्लांचा, मुख्यतः हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाचा असतो. कोकम आपली चव आपल्या सालीतून आणते. तिला पर्याय म्हणून बाहेरून सुगंध दिलेले पेय पुढे करणे हा दोन्हींवर अन्याय आहे.

येथे एक अपवाद नोंदवणे आवश्यक आहे. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या सालीत सुगंधी तेल असते आणि ते गरम पाण्यात खरोखर उतरते; आले आणि दालचिनी यांचेही तसेच आहे. अशी मिश्रणे वरून सुगंध न देताही चवदार होतात आणि विकत घेताना मी त्यांनाच पसंती देतो.

सुगंधाखाली काय झाकले जाते, हे सांगितल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलनबॉश विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये रुईबॉसच्या वास-चवींची रीतसर शब्दावली आणि ते शब्द वर्तुळात मांडणारे एक चक्र तयार केले. चांगल्या रुईबॉसची ओळख म्हणून त्यात मध, लाकूड आणि त्या प्रदेशातील रानफुले यांचे वास येतात, कॅरमेल आणि जर्दाळू यांच्या छटाही येतात. हिरवट, सुक्या गवतासारखा किंवा कुबट वास दोषांत मोजला जातो. ही यादी मनात ठेवून साधा कप चाखला की जर्दाळूची छटा आधीपासूनच तेथे आहे हे जाणवते. म्हणूनच पीच, जर्दाळू आणि संत्रे यांचे सुगंध रुईबॉसशी जुळतात, तर स्ट्रॉबेरीचा तीव्र सुगंध वर वेगळाच तरंगत राहतो आणि खालचा मधाळपणा दाबून टाकतो. पान मुळात हिरवट किंवा कुबट असेल, तर तो दोष लपवायला हाच तीव्र सुगंध सोयीचा ठरतो, ही बाब ग्राहकाने लक्षात घ्यावी. पावसाळ्यात आपल्याकडील दमट हवेत फळांचे तुकडे ओलावा लवकर ओढून घेतात आणि चांगले पानही कुबटते, म्हणून हा चहा हवाबंद डब्यात आणि पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठी साठवलेल्या) सुक्या मासळीपासून लांब ठेवावा.

आफ्रिकेच्या जंगलातील आदिवासींविषयीचे विधान मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात खऱ्या माणसांचा खरा इतिहास पुसला जातो. रुईबॉस, म्हणजे अ‍ॅस्पॅलॅथस लिनिअरिस, ही शेंगावर्गीय झुडुपी वनस्पती आहे. ती दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागात, सीडरबर्ग डोंगर आणि क्लॅनविल्यम गाव यांच्या आसपास, हिवाळी पावसाच्या, वाळूमिश्रित, आम्लयुक्त आणि निकृष्ट जमिनीवर वाढते. घनदाट जंगल तेथे नाही; फिनबॉस नावाची खुरटी झुडुपी वनसृष्टी आहे. या वनस्पतीचे ज्ञान तेथील खोई आणि सान लोकांचे आहे. फांद्या कापून, बारीक चिरून, ठेचून, ओल्या करून ढिगात घामेजू देण्याची आणि मग उन्हात वाळवण्याची रीत आजही त्याच मूळ कल्पनेवर चालते. ढिगात हवेशी संयोग होऊनच हिरवे पान तांबूस होते आणि त्याला मधाचा वास येतो. बेंजामिन गिन्सबर्ग या व्यापाऱ्याने १९०४ पासून रुईबॉस बाजारात आणला. पीटर ल फ्रास नॉर्टिए या डॉक्टरांनी १९३० च्या सुमारास बियांची कठीण साल खरवडून त्या रुजवण्याची युक्ती शोधली, तेव्हा कोठे लागवड शक्य झाली. २०१९ मध्ये झालेल्या करारानुसार रुईबॉस उद्योगाने शेतावरील दराच्या दीड टक्का रक्कम खोई आणि सान समाजांना देण्याचे मान्य केले, आणि २०२१ मध्ये युरोपीय संघाने या नावाला उगमस्थानाचे संरक्षण दिले. या सगळ्या इतिहासात स्ट्रॉबेरी आणि पीच कोठेही नाहीत. फळांचे सुगंध ही अलीकडच्या व्यापाराची भर आहे. ती भर वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण तिला खोई आणि सान लोकांची परंपरा म्हणून विकू नये.

पन्नास पट अँटिऑक्सिडंटचा आकडा कोठून आला ते संदेशात सांगितलेले नाही, आणि तो टिकणाराही नाही. एकूण पॉलिफिनॉलांचा, म्हणजे वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट द्रव्यांच्या मोठ्या गटाचा, विचार केला तर रुईबॉसच्या कपात ते ग्रीन टीपेक्षा साधारणपणे कमीच भरतात. रुईबॉसचे वैशिष्ट्य वेगळे आहे : अ‍ॅस्पॅलॅथिन हे द्रव्य या वनस्पतीखेरीज इतरत्र क्वचितच आढळते. मात्र ढिगात पान तांबूस होताना त्याचा बहुतांश भाग नाहीसा होतो, न आंबवलेल्या, म्हणजे ढिगात न घामेजलेल्या, हिरव्या रुईबॉसमध्ये तो जास्त राहतो, आणि प्यायल्यानंतर त्याचा अगदी थोडा अंश शरीरात शोषला जातो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दक्षिण आफ्रिकी अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेल्या ४० प्रौढांना सहा आठवडे रोज सहा कप रुईबॉस दिल्यावर त्यांच्या रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल कमी झाल्याचे आढळले. ही उत्साहवर्धक गोष्ट आहे, परंतु लहान गटावरच्या त्या अभ्यासात साधा रुईबॉस होता, फळांच्या सुगंधाचा नव्हता.

कॅफिन नाही, हे विधान साध्या रुईबॉसबाबत पूर्णपणे खरे आहे. संदेशात न आलेली आणखी एक खरी गोष्ट आपल्या घरांतील स्त्रियांसाठी अधिक महत्त्वाची आहे. जेवणासोबत घेतलेला काळा चहा लोहाचे शोषण अडवतो. १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झालेल्या एका अभ्यासात पाण्यासोबत सुमारे ९ टक्के, रुईबॉससोबत सुमारे ७ टक्के आणि काळ्या चहासोबत २ टक्क्यांपेक्षाही कमी लोह शोषले गेले. जेवणानंतर लगेच चहा लागणाऱ्या, पण रक्त कमी असलेल्या व्यक्तीला रुईबॉस सुचवायला हे कारण पुरेसे आहे. फक्त फळांच्या चवीच्या काही मिश्रणांत काळा किंवा ग्रीन टी मिसळलेला असतो, त्यामुळे येथेही मागची यादी वाचावी लागते.

साखरेविना गोडव्याचे विधान जपून घ्यायला हवे. रुईबॉसचा स्वतःचा गोडवा अत्यंत हलका असतो. कप स्पष्ट गोड लागला, तर त्यात ज्येष्ठमध किंवा स्टीव्हियाची पाने असण्याचा संभव असतो. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन हे गोड द्रव्य वारंवार आणि जास्त प्रमाणात पोटात गेले तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते; म्हणजे ज्या रक्तदाबाच्या रुग्णाला हा संदेश आवर्जून पाठवला जातो, त्याच्यासाठीच असे मिश्रण अयोग्य ठरू शकते. मधुमेहाबाबत प्राण्यांवर आणि पेशींवर झालेले प्रयोग आशादायक आहेत, परंतु त्यांच्या आधारे कोणी औषधाची गोळी चुकवू नये. साखरेच्या चहाऐवजी बिनसाखरेचा रुईबॉस घेतला तर साखर कमी होते, हा लाभ मात्र निर्विवाद आहे.

दूध घालून दोन मिनिटे उकळण्याचा सल्ला फळांच्या चवीच्या बाबतीत दोन्ही अंगांनी चुकतो. साध्या रुईबॉसला दूध चालते. दक्षिण आफ्रिकेत तो तसा सर्रास पितात, आणि त्यात टॅनिन (चहाला तुरट-कडवट करणारी द्रव्ये) कमी असल्यामुळे आपल्या गवती चहासारखा तो पातेल्यात बराच वेळ उकळला तरी कडवट होत नाही. त्याला दोन मिनिटे अपुरी पडतात, निदान पाच-सहा तरी द्यावी लागतात. याउलट फळांचे सुगंध उडून जाणारे असतात, आणि उघड्या पातेल्यात उकळले तर ते कपाऐवजी स्वयंपाकघरात दरवळतात. त्यात अंबाडीची बोंडे असतील, तर त्यांच्या आम्लाने दूध फाटते. म्हणून अशा मिश्रणावर उकळते पाणी ओतून लगेच झाकण ठेवावे आणि दूध घालू नये.

तान्ह्या बाळापासून कोणीही दिवसभर कितीही प्यावा, हे विधान लहान मुलांच्या संदर्भात घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, द्यायचे नसते. मग कॅफिन नाही हे कारण तेथे लागूच होत नाही. मोठ्या मुलांच्या आणि प्रौढांच्या बाबतीत प्रश्न दातांचा आहे. आंबट फळांच्या मिश्रणातील आम्ल दातांवरचे आवरण हळूहळू झिजवते, आणि बाटलीत भरून तासन्‌तास घोट घेत राहिल्यास ही झीज वाढते. ज्यांना दिवसभर काहीतरी गरम हाताशी हवे असते त्यांनी साधा रुईबॉस घ्यावा. अंबाडी, गुलाबाची आंबट फळे (रोझहिप) किंवा सायट्रिक आम्ल असलेले मिश्रण एका बैठकीत संपवून साध्या पाण्याने चूळ भरावी.